कुंकवाचं टोकन

लातूर,
१८ नोव्हेंबर २०२४

प्रिय केवळा,

रामकिशनरावांचा दम वाढलाय, असं तुझ्या लेकीनं, ऋतुजानं कळवलं. ती देगलूरला आणि तू एकटी त्यांच्या उशाशी, हे चित्र डोळ्यांपुढून हलत नाही. तुला फोन करावा म्हटलं तर तुझ्या घरी विचारपूस करायला आलेली चार माणसं कान देऊन ऐकतात आणि माझ्या घरात ऐकायला कुणीच नाही. त्यामुळे फोनवर आपल्या दोघींचंही बोलणं अवघडतं. पत्रच बरं.

बातमी मोठी आहे. आपल्या 'सोबतीण' संस्थेला गाडी मिळाली. आत छातीच्या तपासणीचं यंत्र, चालवायला बाईच, पडदा, पंखा, सगळं. इथले डाळमिलवाले गुंडप्पा शेठ यांची बायको आपल्याच आजारानं गेली. तिच्या नावानं त्यांनी ही गाडी दिली. बघताना मला वॉर्ड आठवला. सात वर्षांपूर्वी नांदेडला आपल्या खाटा शेजारी होत्या. तुझा डावा स्तन काढला होता, माझा उजवा. तू म्हणाली होतीस, "ताई, दोघी मिळून एक पुरी बाई होईल की." टाके ताणले जाईपर्यंत हसलो होतो. त्या हसण्यातून ही संस्था निघाली. तू आणि मी एसटीनं गावोगाव गेलो. दुपारी बायकांची भांडी आटोपली की त्यांच्या चुलीपाशी बसलो, हातानं अंग कसं तपासायचं ते दाखवलं. जिला गाठ लागली तिच्यासोबत दवाखान्यात गेलो. पण केवळा, दोन बायका किती चुलींपाशी बसणार?

दीपालीनं तोड काढली आहे. शिकलेली पोर आहे, संस्थेचं सगळं तीच बघते आता. ती म्हणते, "ताई, बाई तपासणीला येत नाही, हळदीकुंकवाला येते. सासू अडवत नाही, नवरा विचारत नाही." तर संक्रांतीपासून रथसप्तमीपर्यंत प्रत्येक गावात शाळेच्या मैदानावर हळदीकुंकू ठेवायचं. फाटकात कुंकू लावायचं, वाणाची पिशवी आणि त्यासोबत नंबराचं टोकन हातात द्यायचं. टोकनाप्रमाणे बाई गाडीत जाईल. गोंधळ नाही, ढकलाढकली नाही. मी आयुष्यभर या रूढींविरुद्ध बोलत आले. आता रूढीच आपल्या कामाला जुंपायची. तुझ्या बोरवाडीचा कार्यक्रम तू उभा करायचास.

मी बरी आहे. माझ्या इमारतीत वर-खाली सगळी क्लासची पोरं. पहाटेपासून मोठ्यानं पाठांतर करतात. रविवारी हैदराबादहून हणमंतरावांचा फोन येतो. "गोळ्या घेतल्या का" असं विचारतात आणि मुलाच्या हातात देतात. चार वर्षं झाली त्यांना मुलाकडे राहायला जाऊन. पाठांतराचा आवाज आहे म्हणून घर रिकामं वाटत नाही, असं मी सगळ्यांना सांगते.

तुझी,
अयोध्याताई


बोरवाडी, ता. नायगाव
२ डिसेंबर २०२४

ताईंना केवळाचा नमस्कार.

गाडीचं वाचून लई आनंद झाला. ह्यांना वाचून दाखवलं. खाटेवर उशीला टेकून बसलेत, निजलं की दम लागतो. ते म्हणले, "बायकांनाच गाडी का? आमच्या छातीकडं कोन बघावं?" मी म्हणलं, तुमच्या छातीकडं मीच बघून राहिले की रातदिवस. तर हसले. हसले की खोकला येतो, म्हणून आता मी त्यांना जास्त हसवत न्हाई.

माझी करडईची पिशवी फाटली होती. तुम्हाला ठाऊक हाय, ऑपरेशन झाल्यावर दुकानातली मिळंना, तवा ह्यांनीच पोत्याच्या दाभणानं शिवून दिली होती, ब्लाउजात ठेवायला. परवा सगळी करडई अंथरुणात सांडली. त्यांनी ती दाणा दाणा वेचली अन् पुन्हा शिवली. टाके वाकडे आलेत. मी नवी करते म्हणलं तर म्हणले, "दुसऱ्याच्या हातचं माप बसणार न्हाई."

ताई, एक विचारू का? हळदीकुंकू कशाला? आपण दुपारी जात होतो ते हळू चालायचं, खरं हाय. पण घरात गेलं की घरातली सगळी दिसायची. कोपऱ्यातली बी दिसायची. मैदानात जी येईल तीच दिसंल. मला नीट सांगता येत न्हाई. तुम्ही शिकलेल्या, तुम्हाला जास्त कळतं. दीपालीचं मन मोडू नका.

मी करते कार्यक्रम. गुरम्माकाकूंना अन् शाळेतल्या बाईंना सांगून ठेवलंय.

केवळा


लातूर,
३० डिसेंबर २०२४

प्रिय केवळा,

रामकिशनराव गेले आणि मी आले नाही. दहाव्यालाही आले नाही. त्या दिवशी इथे गाडीचा सोहळा होता, अध्यक्ष म्हणून मला हलता येत नव्हतं. हे कारण मी स्वतःलाच पुन्हा पुन्हा सांगते आहे, त्यावरून ते किती तोकडं आहे ते मला कळतं. केमोच्या दिवसांत तो माणूस तुझी ओकारीची बादली स्वतः उचलायचा. वॉर्डातल्या बाकीच्या बायका माना वळवून बघायच्या, आणि मीही त्यांच्यातलीच एक होते. माझ्या उशाशी मावशी होती, रोजानं लावलेली.

आता तू घरात कोंडून घेऊ नकोस. काम माणसाला सावरतं, हे पुस्तकातलं वाक्य नाही, माझ्या अंगावरून गेलेली गोष्ट आहे. बोरवाडीचा कार्यक्रम बावीस जानेवारीला ठरलाय. तू माझ्या शेजारी बसायचंस. बायकांना तू सांगायचंस, मी नाही.

तू विचारलंस, हळदीकुंकू कशाला. त्याचं उत्तर दिल्याशिवाय मला राहवत नाही. ही वाट आपण निवडलेली नाही, केवळा. बाईला स्वतःच्या अंगासाठी घराबाहेर पडायची परवानगी या समाजानं कधी दिलीच नाही. नवऱ्याच्या आयुष्यासाठी पडायची दिली. मग त्याच परवानगीवर आपण तिला बाहेर काढू आणि तिचं आयुष्य तिच्या हातात देऊ. परवा औशाच्या सभेत मी हे बोलले, तर बायका उठून उभ्या राहिल्या. दुपारच्या चुलीपाशी असं कधी झालं नव्हतं.

बावीस तारखेला वाट बघते.

अयोध्याताई


लातूर,
२५ जानेवारी २०२५

प्रिय केवळा,

तुझं उत्तर नाही. तू कार्यक्रमालाही आली नाहीस.

मैदान भरलं होतं. गुलाबी साड्यांच्या रांगा लागल्या होत्या, फाटकात दोघी मुली कुंकवाचं ताट घेऊन उभ्या होत्या. टोकनं संपली म्हणून नव्यानं कापावी लागली. मी बोलत होते आणि तुला शोधत होते. माझ्या शेजारची खुर्ची मी रिकामी ठेवली होती. शेवटी सरपंचांच्या सुनेला तिथे बसवलं.

कार्यक्रम आटोपल्यावर तुझ्या घरी आले. दाराला आतून कडी होती. मी दोन वेळा हाक मारली, "केवळा, मी आहे." तू आत होतीस हे मला कळत होतं. बाहेर तुझी चप्पल होती. थांबून परत फिरले.

तुला राग आहे. असावाच. मी मयताला आले नाही. शिवाय लातूरच्या सोहळ्यातल्या फलकावर संस्थापक म्हणून माझं एकटीचं नाव लागलं, तुझं राहिलं, तेही कुणी तुला सांगितलं असेल. फलक दुरुस्त करायला मी सांगितलंय. पण रुसून दार लावून घेणं हे तुझं नाही. आपण बायकांची दारं उघडायला निघालो होतो.

गाडीतून परतताना मुली गाणी म्हणत होत्या. मी खिडकीतून बाहेर बघत होते. कार्यक्रम इतका चांगला झाला आणि सांगायला कुणी नाही, असं झालं. मला सांगायचं होतं ते तुलाच.

एक ओळ तरी लिही.

अयोध्याताई


बोरवाडी,
२० फेब्रुवारी २०२५

ताई,

राग न्हाई. फलकाचं मला आत्ता तुमच्याकडूनच कळलं.

तुम्ही आलात तवा मी आतच होते. एकटी नव्हते. नागाबाई होती माझ्यासंगं. समोरच्या गल्लीत राहती, खुरपायला जाती, नवरा जाऊन बारा-तेरा वर्षं झालीत. तुम्ही तिला बघितलं असंल, मैदानातल्या लिंबाखाली हापशापाशी उभी होती.

तिला छातीत गाठ हाय. कुणाला सांगितलं नव्हतं. गाडी येणार म्हणून कामाची सुट्टी घेऊन, डोक्यावरून न्हाऊन, धुतलेलं लुगडं नेसून आली. फाटकात रांगेत उभी राहिली. ताट धरलेल्या पोरीनं तिच्या कपाळाकडं बघितलं अन् कुंकवाचं बोट मागच्या बाईला लावलं. पोरगी वाईट न्हाई. तिला वाटलं, हिला कुंकू लावलं तर हिला वाईट वाटंल. नागाबाईला बी वाटलं, आपण रांगेत उभं राहून पोरीला अडचणीत आणलं. कुंकू न्हाई तर वाण न्हाई, वाण न्हाई तर टोकन न्हाई. ती बाजूला झाली. हापशापाशी थांबली, म्हणली शेवटी बोलावतील. मग माझ्याकडं आली. कुणी मनाई केली न्हाई, ताई. आमाला मनाई करावी लागतच न्हाई.

मी बी का आले न्हाई, तर त्याच्यामुळंच. कुणी येऊ नको म्हणलं न्हाई. सकाळी गुरम्माकाकू दारावरून गेल्या, नेहमी आत डोकावतेत, त्या दिवशी वाकडी वाट करून गेल्या. मी समजले. म्हणलं पयलं वर्स हाय, सवाष्णी बायकांचा सण, आपली सावली कशाला. मीच कडी घातली. ज्या बाईचा एक स्तन कापलाय, जिनं पन्नास गावात जाऊन लाज सोडा म्हणून सांगितलं, तिनं. भोंग्यावर तुमचं भाषण सगळं ऐकू येत होतं. बाईचं आयुष्य तिच्या हातात, असं तुम्ही म्हणत होता. तवाच नागाबाईनं पदर सारून माझा हात धरला अन् गाठीवर ठेवला. आवळ्यायेवढी हाय. कडक.

मग तुमची हाक आली. मी उठले. कडीपर्यंत आले, हात वर केला. तेवढ्यात बाहेर दीपाली बोलली, "ताई, चला. दुःखाचं घर आहे, वाणाचं ताट घेऊन दारात उभं राहू नये." मी थांबले. म्हणलं, आता ताई काय म्हणतेत बघू. तुम्ही काही बोलला न्हाई. मग पायांचा आवाज गेला. मग गाडी चालू झाली.

तुम्ही पत्रात लिहिलंत, थांबून परत फिरले.

नागाबाईनं मला शपथ घातली होती, मजुरी बुडंल, हरभरा निघूस्तोवर कुणाला बोलायचं न्हाई म्हणून. मी बी गप बसले. मागच्या हप्त्यात तिचा हात वर होईना तवा एसटीनं नांदेडला नेली. डॉक्टरीणबाई म्हणल्या, गाठ वाढली हाय, आधी केमो, मग ऑपरेशन. "इतके दिवस काय करत होतात?" असं इचारलं. नागाबाई माझ्याकडं बघून राहिली. मी भिंतीकडं.

केवळा


लातूर,
२७ फेब्रुवारी २०२५

केवळा,

दीपाली काय बोलली ते मला ऐकू आलं होतं. मी ते तुला लिहिलं नाही.

मी ज्या दारातून परत फिरले त्या दाराच्या आत एक बाई गाठीवर हात ठेवून बसली होती, आणि माझ्या मागे मैदानात यंत्र उभं होतं. मी सभांमधून व्यवस्थेला शिव्या घालते. व्यवस्था म्हणजे कुठला तरी लांबचा राक्षस, असं माझ्या बोलण्यावरून वाटत असेल. ती माझ्याच हातात ताट होऊन आली आणि मला ते जड वाटलं नाही.

पण तुलाही सोडणार नाही मी. तू कडीपर्यंत आलीस आणि ऐकत उभी राहिलीस. माझी परीक्षा घेत होतीस? मी नापास झाले, कबूल. पण त्या परीक्षेत पणाला लागली होती नागाबाई, तू नाही आणि मी नाही. एक हाक मारली असतीस तर गाडी वळली असती. मला राग आला आहे आणि तो मी लपवत नाही. तुझ्यावर रागवायचा हक्क असणारं माणूस तुझ्या घरातून गेलं, माझ्या घरात ते कधी नव्हतंच. मग आपणच एकमेकींवर रागवायला हवं.

आणि कुंकवाचं म्हणशील, तर ऐक. हणमंतराव जिवंत आहेत म्हणून मी फाटकातून मानानं आत जाते. ऑपरेशननंतर त्यांनी खाट दुसऱ्या खोलीत नेली आणि मग दुसऱ्या राज्यात. तुझा माणूस शेवटपर्यंत तुझं माप जाणत होता, आणि तू अशुभ. याच्याइतकी निर्लज्ज गोष्ट मी कुठल्या पुस्तकात वाचलेली नाही.

मी ठरवलं आहे. आठ मार्चला नांदेडला विधवांचं हळदीकुंकू घ्यायचं. भव्य. पत्रकार येतील, अधिकारी येतील. पहिलं कुंकू मी तुला लावीन, दुसरं नागाबाईला, सगळ्यांच्या देखत. जिथं चूक झाली तिथंच ती फिरवायची. तुम्हा दोघींना आणायला गाडी पाठवते. होकार कळव.

अयोध्याताई


बोरवाडी,
४ मार्च २०२५

ताई,

गाडी पाठवू नका. आम्ही येणार न्हाई.

तुम्ही रागावलात ते बरं वाटलं. खरंच. ह्यांच्यामागं कुणी माझ्यावर वरडलंच न्हाई. सगळी हळू बोलतेत, जशी मी काचेची हाय.

तुमचं पत्र नागाबाईला वाचून दाखवलं. केमो झाल्यापासून तोंड आलंय तिला, बोलवत न्हाई. तरी म्हणली, "गाठ छातीला हाय, अन् ह्या कपाळाला काय लावून राहिल्या?"

मला कुंकू नकोय. मी ह्यांच्या नावानं लावत होते, आता ते न्हाईत, मला लावू वाटत न्हाई. कुणाला वाटलं तर तिनं खुशाल लावावं. पण मंचावर बसवून फोटो काढून लावलं, तर दुसऱ्या दिवशी ती बाई गावात कशी हिंडंल? तुम्ही लातूरला जाल. ती हापशावर जाईल.

अन् समजा लावलं. पुढल्या संक्रांतीला फाटक तेच, ताट तेच. तिथं उभी राहणारी दुसरी कुणी असंल, सोडलेली, लग्न न झालेली, न्हाईतर ज्यांना कुंकूच नसतं अशा घरची. गावात पठाणांची चार घरं हायत, ताई. त्यांच्यातली एक तरी आली का त्या दिवशी? मी बी तुमच्यासारखाच हा विचार आत्ता करून राहिले.

मी मानासाठी लिहिलं नव्हतं. मला आपलं काम पाहिजे.

केवळा


लातूर,
२४ मार्च २०२५

प्रिय केवळा,

आठ मार्चचा कार्यक्रम मी रद्द केला. तुझं पत्र आलं त्या दिवशी मी तुझ्यावर चिडले, दुसऱ्या दिवशी नागाबाईच्या वाक्यावर एकटीच हसले. आणि ते पठाणांच्या घरांचं मात्र पुन्हा पुन्हा वाचलं. तीस वर्षं मी मंचावरून समतेवर बोलते आहे.

काल कार्यकारिणीची बैठक झाली. मी मागणी ठेवली. हळदीकुंकू बंद. टोकन गाडीच्या दारात, येईल त्या बाईला. आणि गाडी गावात जायच्या आधी आपल्यातली कुणी तरी दुपारी घरोघर जाऊन यायलाच हवी, नाही तर गाडी नेऊ नये. मी तासभर बोलले. चांगलं बोलले, केवळा. बहुतेक आयुष्यातलं सगळ्यात चांगलं.

गुंडप्पा शेठ शांतपणे म्हणाले, "बाई, आमच्या हिला हळदीकुंकवाची फार हौस होती. तिच्या नावानं ते बंद कसं करू?" त्या माणसाच्या डोळ्यांत पाणी होतं. त्याला मी खलनायक ठरवू शकले नाही. मग दीपाली उठली. "ताई, तुमचं बरोबर आहे. पण सण काढून घेतला तर ज्या येतात त्याही येणार नाहीत. औशात तीन बायका लवकर सापडल्या, त्यांना काय सांगू? आपण विधवांसाठी वेगळा दिवस ठेवू." तिच्या पहिल्या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हतं, आजही नाही. वेगळ्या दिवसाला होतं. मी म्हटलं, वेगळा दिवस म्हणजे वेगळा पाणवठा. हात वर झाले तेव्हा माझ्या बाजूला माझाच होता.

मी अध्यक्षपद सोडलं. गाडी फिरते आहे, फिरू दे, तिच्यामुळे वाचतील त्या वाचोत. 'सोबतीण' हे नाव त्यांच्याकडे राहिलं. मी भांडले नाही. दीपाली खाली रिक्षापर्यंत सोडायला आली होती, माझी पिशवी तिनंच आत ठेवली.

आज माझी वर्षाची तपासणी होती. एकटीच गेले. अर्जावर सोबत आलेल्या व्यक्तीचं नाव विचारतात. तिथली मुलगी म्हणाली, "मॅडम, तुमच्यासोबत कोणी?" मी म्हटलं, येतील मागून. बाकावर माझ्या शेजारी पिशवी ठेवून बसले, म्हणजे कुणाची तरी जागा धरली आहे असं दिसावं. रिपोर्ट चांगला आहे. तो वाचून दाखवायला घरी आले, तर वरची पोरं परीक्षा संपवून गावी गेलेली. इमारत एकदम मुकी झाली आहे.

मला बोरवाडीला यायचं आहे. काय म्हणून येऊ ते कळत नाही. माझ्याकडे आता गाडी नाही, पद नाही, फलक नाही. बोलता येतं, पण त्याचा उपयोग काय झाला ते आपण पाहिलं.

अयोध्या


बोरवाडी,
१ एप्रिल २०२५

ताई,

रिपोर्ट चांगला आला हे तुम्ही इतकं खाली का लिहिलंत? सगळ्यात वर लिहायचं. मी आधी तेच हुडकून वाचलं. पुढल्या वर्षी मला न सांगता गेलात तर बघा. पिशवी ठेवून बसतेत म्हणं.

नागाबाईची तिसरी केमो येत्या मंगळवारी हाय. केस गेले. म्हणती, तेलाचा खर्च वाचला. गाठ थोडी मऊ पडल्यावानी मला वाटती, पण डॉक्टरीणबाई अजून काही म्हणल्या न्हाईत, म्हणून मी बी म्हणत न्हाई. वाचंल का न्हाई, कुणालाच ठाऊक न्हाई. रातची माझ्याकडंच निजायला येती. ह्यांच्या खाटंवर मी कुणाला बसू देत नव्हते. तिला देते.

मी दुपारची पुन्हा निघाले. नावबिव काही न्हाई. पयल्यांदा पठाणांच्या घरी गेले. तिथली म्हातारी म्हणली, "इतकी वर्सं कुठं होतीस?" चहा पाजला. गुरम्माकाकूंच्या घरी बी गेले, पण तिथं गाडं अडलंय. त्यांची सून अंजू मला हापशावर म्हणली, पोराला पाजताना एका बाजूला काही तरी लागतं. दुधाची बी असती गाठ, बघितल्याशिवाय कसं सांगावं? अन् गुरम्माकाकू दुपारभर ओट्यावर दारातच बसतेत. मला बघितलं की म्हणतेत, "काय गं, काय काम काढलंस?" सुनंला माझ्यासंगं एकटी सोडत न्हाईत. अंजू तोंड उघडत न्हाई.

म्हणून तुम्ही या. बुधवारी या, मंगळवारी आम्ही नांदेडला असतो. लातूरहून सकाळची नांदेड गाडी धरा, तिथून नायगावची भेटती. उन्हाचं डोक्याला बांधून या. पोचलात की जेवा, थोडं पडा. मग आपण दोघी जाऊ.

तुम्ही ओट्यावर गुरम्माकाकूंपाशी बसायचं. त्यांना भाषण देऊ नका. त्यांचा थोरला ल्योक कर्नाटकात गेला तो परत आला न्हाई, तेवढंच इचारा. तो कसा होता, काय खायचा, कवा गेला. गावात ते कुणी ऐकून घेत न्हाई आता, सगळ्यांचं ऐकून झालंय. एकदा सुरू झाल्या की समोरच्या मानसाला मध्ये उठू देत न्हाईत अन् मागं कोन गेलं ते बी बघत न्हाईत. मी तेवढ्यात आत जाते.

तुम्ही नुसतं हूं म्हणत राहा.

केवळा